बिनवायरीचा फोन आणि समोरचा ओटा

…आणि वर तोंड करून तो चेतन म्हणतो काय, "मामा, वायर नाय, कटकट नाय!" कटकट नाय म्हणे! अरे बाबा, वायर होती तोवर कटकट निदान वायरीला बांधलेली होती, खिडकीजवळच्या स्टुलावर गप बसलेली होती, तुझ्या त्या भंगारानं ती मोकळी सोडली आणि ती गल्लीभर हिंडायला लागली त्याचं काय? तुम्हाला सांगतो, मी एवढ्या तावातावानं बोलतोय म्हणून हे माझ्यावर बेतलं असं समजू नका. बेतलं ते आमच्या गोरक्षनानांवर. पण शेजारी कशाला असतो हो? वाटीभर साखर देतो-घेतोच की आपण, तसा मी त्यांचा वाटीभर राग घेतलाय, आणि खरं सांगू का, परत द्यायची इच्छा नाही.

तर गोरक्षनाना म्हणजे आमच्या श्रीरामपूरच्या गल्लीतलं एक प्रस्थ. शुगर फॅक्टरीत काट्यावर नोकरी, म्हणजे उसाच्या गाड्या तोलायच्या, आणि हंगाम चालू झाला की रात्रपाळी, त्यामुळं नाना दिवसा झोपणार आणि रात्री जागणार, घुबडाचा धर्म आणि स्वभावही साधारण त्याच पक्ष्याचा. शहाण्णव-सत्त्याण्णवचं साल असेल, अख्ख्या गल्लीत फोन एकच आणि तो नानांकडं. गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी आपापल्या पाहुण्यारावळ्यांना नानांचाच नंबर देऊन ठेवलेला. नाना चिडायचे, "मी काय चावडीवरचा कोतवाल हाय का, घरोघर हाका मारत फिरायला?" पण चिडायचे आणि फिरायचेही, कारण हाक मारायला गेलं की दारात लोक उठून उभे राहायचे, आणि ते काही नानांना वाईट वाटायचं नाही.

आता हा चांगला वायरीचा फोन गेला कसा, ते ऐका. नानांची एकुलती एक लेक माधुरी पुण्याला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय नानांना कुणी शिकवायला पाहिजे? पुढची खोली चुन्यानं पांढरी करून झाली, बाज ओढून झाली, शेंगदाण्याच्या डब्याशेजारी डिंकाचा डबा येऊन बसला, आणि आणायला जायच्या आदल्या दिवशी जावयांचा फोन आला. "बीपी वाढलंय, डॉक्टर प्रवास नको म्हणतात, बाळंतपण इथंच करू." नाना "बरं" म्हणाले. माणूस 'बरं' म्हणतो तेव्हा त्याला बरं वाटतंच असं नाही. नानांनी रिसीव्हर असा काही आपटला की तो एका बाजूनं उकलला, आतलं एक चाक टुणटुणत बाजेखाली गेलं, आणि फोन मुका झाला. लाईनमन येऊन बघून गेला. "नवीन डबा आला की बसवतो, नाना." कधी येणार? "आला की." झालं!

भागिरथीबाई, म्हणजे नानांच्या मंडळी, दुसऱ्या दिवशी डिंकाचा डबा काखोटीला मारून यष्टीनं पुण्याला. जाताना दारात बजावून गेल्या, "काय बी करा, फोन चालू करा अन् त्याच्याजवळून हलू नका. काय कमीजास्त झालं तर तुमाला कळवायचं कुठं?" कमीजास्त! हा शब्द बायका किती सहज टाकून जातात. नाना एरवी तोंडाळ माणूस, पण त्या दिवसापासून जेवताना मध्येच घास हातात धरून खिडकीकडं बघत बसायचे. पोरीवर फार जीव. तसं कधी बोलून दाखवलं नाही, तिच्या लग्नातही मांडवात पाहुण्यांवर ओरडूनच रडणं लपवलं.

आणि अशा या नाजूक वेळी अवतरला चेतन. चेतन म्हणजे भागिरथीबाईंच्या भावाचा मुलगा, राहुरीचा, मुंबईहून फॉरेनचा माल आणायचा आणि नातेवाइकांत खपवायचा. आधी घड्याळं आणली, ती आंघोळ केली की थांबायची. मग टॉर्च आणली, ती उजेडात चांगली चालायची. आता आणला कॉर्डलेस. स्वस्तातला. एक खालचा डबा, त्याच्यावर आडवा ठेवलेला हातातला फोन, दोघांनाही एरियल, आणि नाव कसल्या लिपीत होतं देव जाणे, चेतनलाही वाचता येत नव्हतं, पण म्हणाला, "मामा, पुण्या-मुंबईत आता हेच. वायर नाय, कटकट नाय! संडासात जा, माडीवर जा, खुशाल बोला."

नानांना तर फोन हवाच होता. तरी माणूस काट्यावरचा, तोलल्याशिवाय घ्यायचा नाही. म्हणाले, "आधी दाखव." चेतननं दाखवला की! खालचा डबा खिडकीत ठेवला, लाईन तिथंच येते ना, आणि हातातला फोन घेऊन हा बहाद्दर घरात नाही, आत नाही, थेट रस्त्यावर गेला. का? गल्लीला दाखवायचं होतं. रस्ता ओलांडून पलीकडं उभा राहिला, नगरच्या कुठल्या तरी मित्राला फोन लावला आणि मोठमोठ्यानं, "हां, कॉर्डलेसवरून बोलतोय! हां, रस्त्यावरून!" अख्खी गल्ली दारात. नाना खुर्चीत ताठ बसलेले, जणू आपणच शोध लावला. आता सांगा, फोन रस्त्याच्या पलीकडं उत्तम चालतो एवढंच त्यानं दाखवलं की नाही? घरात चालतो असं कधी म्हणाला? पण हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येतं हो!

चेतन गेला. नानांनी दार लावून घेतलं आणि फोन तपासायला घेतला. फोन तपासायचा म्हणजे काय, तर बटण दाबून कानाला लावायचा आणि ती लाईनची 'टूंऽऽ' ऐकत घरभर फिरायचं. खिडकीजवळ लावला, तर कुईंऽऽ! खालच्या डब्याच्या जवळ गेलं की कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा ओरडायचा. बरं, लांब जाऊ. मधल्या खोलीत गेले, तिथं लोखंडी कपाट, त्याच्या आड टूंऽऽ बारीक झाली, मग फस्स झाली. स्वयंपाकघरावर पत्रा, तिथं फस्सही गेली. परसातल्या संडासात गेले, म्हटलं चेतननं खास नाव घेतलंय, तर तिथं फोन असा गार पडला, जसा कधी जन्मालाच आला नव्हता. पुढच्या खोलीच्या स्लॅबवर चढले, तर कानात एक बाई, भलतीच, कुठल्या तरी दुसऱ्या घरातली, जावेच्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवतेय. नाना म्हणाले, "कोण बोलतंय?" ती म्हणाली, "तुमी कोन?" नाना म्हणाले, "मी गोरक्ष." ती म्हणाली, "अगं बया, कोन गोरक्ष?" स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या स्लॅबवर उभं राहून, मी कोण हे माणसानं कुणाकुणाला पटवायचं? उतरले खाली.

वायर नाही, कटकट नाही! आणि परत करावा म्हणाल, तर कुणाला? बायकोच्या माहेरची वस्तू. माहेरच्या वस्तूत खोट काढायची म्हणजे… इथं बसलेल्या लग्न झालेल्या गड्यांना पुढचं सांगायला नको. आणि गल्लीत तर सांगून झालेलं, नाना आता बाजेवरून बोलणार.

मग नानांनी काय केलं, पाणाड्या नाही का, विहिरीची जागा दाखवायला हातात फोक धरून शेतात फिरतो, तसा तो फोन कानाला लावला, एरियल पुढं केली आणि जिकडं टूंऽऽ मोठी होईल तिकडं पाऊल टाकत निघाले. उंबऱ्यावर जरा बरी. पायरीवर आणखी बरी. रस्त्यात मध्यावर चांगली. नजर सगळी एरियलच्या टोकावर, पायाखाली काय आहे पत्ता नाही, सायकलवाला शिव्या देत गेला त्याचा पत्ता नाही. आणि एके ठिकाणी टूंऽऽ अशी स्वच्छ आली, अशी खणखणीत आली, की नानांचा चेहरा फुलला. थांबले. खाली बघितलं. तर पाय बायडाबाईच्या ओट्याच्या पायरीवर.

"काय नाना," ओट्यावरून बायडाबाई म्हणाली, "रस्ता चुकलात काय?"

आता ही बायडाबाई कोण, ते सांगतो, त्याशिवाय नानांच्या काळजात काय झालं ते कळायचं नाही. बायडाबाई नानांच्या बरोब्बर समोर राहते. नवरा वारल्यावर तिनं घरातच पिठाची गिरणी टाकली, मोनिकाला, म्हणजे लेकीला, जामखेडला दिली ती या गिरणीच्या जिवावर. गिरणी दिवसभर चालणार, आणि नाना दिवसा झोपणार. नानांनी आधी सांगून बघितलं, मग ओरडून बघितलं, आणि मग केला नगरपालिकेत अर्ज. आवाजानं झोप नाही, पिठानं खोकला, भिंत हादरते, देवाच्या तसबिरी तिरक्या होतात, असा खरमरीत अर्ज. गिरणी बंद पडली, तीसुद्धा ऐन दिवाळीच्या तोंडावर. सगळी गल्ली चकलीची भाजणी डोक्यावर घेऊन बाजारात, आणि बायडाबाई बंद गिरणीच्या दारात नुसती बसून. मग दिवसाची परवानगी मिळाली, गिरणी सुरू झाली, पण बोलणं बंद झालं ते झालंच. आणि नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. मोनिकाचा जामखेडहून फोन आला की पूर्वी खिडकीतून हाक मारायचे, त्या दिवसापासून "कोण? मोनिका?" एवढं विचारायचे आणि रिसीव्हर ठेवून द्यायचे. वाईटच केलं. मी तोंडावर म्हणालो होतो त्यांना, तर मला म्हणाले, "तू गिरणीचं पीठ खातोस, तुला तिचा पुळका."

तर अशा बाईच्या पायरीवर नाना, हातात एरियल. तसेच माघारी वळले. दोन पावलं मागं, तर टूंऽऽ बारीक. बाजूला सरकून बघितलं, माझ्या दारात आले, फस्स. वरच्या अंगाला मारुतीच्या पारापर्यंत गेले, फस्स. अख्ख्या गल्लीत त्या फोननं जागा निवडली ती एकच. मी म्हणतो, यंत्राला अक्कल नसते हे खरं, पण खुनशीपणा असतो का नसतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नाना रात्रपाळी करून नुकतेच आडवे झालेले, बनियन-लेंग्यावर धडपडत उठले, बटण दाबलं, कुईंऽऽ! कुईंच्या आत कुठं तरी भागिरथीबाई, "अहो… अहो, ऐकताय का…" नाना तसेच अनवाणी रस्त्यावर, "थांब, थांब, ठेवू नगंस, रस्ता वलांडतो!" पुण्यात भागिरथीबाई घाबरल्या, घरातला माणूस रस्ता कशाला ओलांडतो? नाना ओट्याच्या पायरीवर पोचले, आवाज आला, आणि त्याच क्षणी बायडाबाईनं कुणाचं तरी ज्वारीचं दळण गिरणीच्या तोंडात ओतलं. खर्रर्रर्र!

आता हे आणखी एक वैशिष्ट्य बरं का त्या यंत्राचं, ते चेतननं सांगायचं राहिलं. गिरणीची मोटर चालू असली की तिची खरखर कानानं तर ऐकू यायचीच, शिवाय फोनच्या आतूनही यायची. बाहेरून खर्रर्र, आतून खर्रर्र, आणि मधे बायकोचा आवाज फाटलेल्या धोतरासारखा. "माधुरीला पहाटं… खर्रर्र… दवाखान्यात… खर्रर्र… डॉक्टर म्हणत्यात बीपी लई… खर्रर्र… पोटातलं बाळ… खर्रर्र… जावयाची सही…"

"सही कशाची? कशाची सही?" नाना ओरडले. एका कानात बोट घातलं. बायडाबाईकडं बघून हातानं खूण केली, बंद करा, बंद करा. बायडाबाईनं खूण बघितली, पाटीतली ज्वारी हातानं सारखी केली, आणि गिरणीच्या वरताण आवाज काढून म्हणाली, "नगरपालिकेत अर्ज करा की."

आणि तेवढ्यात लाईट गेली.

गिरणी थांबली. गल्लीत अशी शांतता झाली की चिमणी पिठात पाय घासत होती तेसुद्धा ऐकू यावं. नानांनी फोन कानाला घट्ट दाबला… आणि काय? काही नाही! अहो, खालचा डबा विजेवर चालतो! लाईट गेली की गिरणीही बंद आणि फोनही बंद, लाईट आली की फोनही चालू आणि गिरणीही चालू. आली का आफत लक्षात? नानांना बोलता येईल अशी या पृथ्वीवर एकच अवस्था, लाईट चालू आणि गिरणी बंद, आणि ती अवस्था आणायचं बटण बायडाबाईच्या हातात. वीज मंडळाच्याही नाही, ब्रह्मदेवाच्याही नाही. वायर नाही, कटकट नाही! अरे, वायर असती तर हा माणूस घरात दार लावून बोलला असता की रे चेतन!

नाना धावत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. जावयांच्या घरी फोन कुठला, तोही शेजाऱ्यांचा. शेजारीण म्हणाली, "सगळे दवाखान्यात आहेत, कुठल्या ते ठाऊक नाही बाई, घाईत गेले." संपलं. आता पुण्याची गाडी धरावी, तर गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत कळायचं काहीच नाही, आणि उतरून जायचं तरी कुठल्या दवाखान्यात? मंडळी सांगून गेलेल्या, फोनजवळून हलू नका. मी म्हणालो, "नाना, मी बसतो फोन घेऊन, तुम्ही जा." तर नानांनी फोन काखेत घट्ट धरला. म्हणाले, "सही आपरेशनला घेत्यात का रे?" मी म्हणालो, "घेतात, साध्या साध्या गोष्टीलाही घेतात." म्हणाले, "मरायच्या आधी बी घेत्यात." असं बोलू नये माणसानं, पण त्यांच्या मनात दुसरं काही उरलंच नव्हतं.

लाईट आली. नाना फोन घेऊन ओट्यावर गेले. पायरीवर नाही, चांगले वर गेले. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन रांगेत. त्या बाजूला सरकल्या. गोरक्षनाना आणि बायडाबाईच्या ओट्यावर! आता इथं काय घडणार हे बघायला दोघीतिघी घरून रिकामे डबे घेऊनही आल्या, मी स्वतः बघितलंय.

"बाई," नाना म्हणाले. "पुन्याचा फोन येणार हाय. आला की… जरा… गिरणी…"

बायडाबाई कमरेवर हात ठेवून उभी. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी. "गिरणी काय?"

"जरा वाईच बंद."

"लेखी आनलंय का?"

नानांनी एरियल खाली-वर केली.

"न्हाई म्हनलं, तुमाला लिवायची सवय हाय म्हनून इचारलं. मागं कसं दोन पानं भरून लिवलं हुतं, देवाच्या तसबिरी तिरक्या हुत्यात म्हनून. तसंच लिवा, माजी लेक आडली हाय, गिरणी बंद करावी. मी बी वाचून बगते. मला बी दिवाळीत येळच येळ हुता, तवा जरा वाचायला शिकले."

बायका इकडं-तिकडं बघायला लागल्या. मला वाटलं आता नाना भडकणार, आता इथं महाभारत. तर नाना म्हणाले, "कागद द्या. लिवतो." खरंच म्हणाले हो! टोमणा होता तो, आणि या माणसानं कागदाला हात पुढं केला. बायडाबाईनं त्या हाताकडं बघितलं, तोंड फिरवलं, आणि पुढचा डबा उचलून ओतला. खर्रर्रर्र! हो नाही, ना नाही. आता ही बाई फोन आल्यावर गिरणी थांबवणार की आणखी एक डबा ओतणार, नानांनी ओळखायचं कशावरून? तिच्या चेहऱ्यावर पिठाशिवाय काही दिसत नव्हतं.

नाना भिंतीला टेकून बसले. फोन मांडीवर, एरियल वर, डोळे फोनवर. कुणी दळण घ्यायला आलं की विचारायचं, "काय नाना, आलात का दळणाला?" नाना एरियल चाचपायचे. ज्या पिठानं खोकला येतो म्हणून अर्ज केला ते पीठ भुवयांवर बसलं, मिशीवर बसलं, माणूस हळूहळू वरून पांढरा होत चालला. मी चहा आणून दिला, त्यावरही साय आल्यासारखं पीठ. आणि मधून मधून ते यंत्र आपलं आपणच टीं करायचं, उगाच, काही कारण नसताना, की नाना दचकून उभे. दहादा उभे केले त्यानं त्या माणसाला. नुसतं वाजायचं आणि गप्प. मला तर वाटत होतं, घ्यावं आणि ज्वारीबरोबर घालावं गिरणीत, पीठ करून पाठवावं राहुरीला. वायर नाही, कटकट नाही!

आणि मग काय झालं, तुमचा विश्वास बसायचा नाही. ज्या आवाजानं झोप लागत नाही म्हणून ज्या माणसानं नगरपालिका हलवली, तो माणूस त्या आवाजाच्या पोटात बसून झोपला. रात्रपाळीचं अंग, सकाळपासून पोटात अन्न नाही, काळजीनं पिळून निघालेला. मान कलली, तोंड उघडं पडलं, खर्रर्र खर्रर्र गिरणी चाललीय आणि नाना गाढ. फोन मांडीवरून सरकला तो शेजारच्या दळणाच्या डब्यात जाऊन पडला. मी उठवायला निघालो, तर बायडाबाईनंच हातानं खूण केली, राहू द्या.

नानांना जाग आली ती आवाजानं नाही, आवाज थांबला म्हणून. डोळे उघडले तर गिरणी बंद. वर दिवा जळतोय, म्हणजे लाईट आहे. आणि समोर बायडाबाई उभी, तिच्या पांढऱ्या हातात नानांचा फोन, कानाला लावलेला, आणि अर्धवट दळण गिरणीत तसंच. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडं बघतायत, कुणी हलत नाही.

"व्हय," बायडाबाई म्हणत होती. "व्हय… बरं… कवा?… व्हय… आनि ती?"

नाना उठायला गेले, पाय मुंग्या येऊन बधिर, तसेच भिंतीला धरून अर्धे उभे. "काय झालं? द्या हिकडं." बायडाबाईनं हात वर केला, थांबा. अहो, थांबा! फोन नानांचा, लेक नानांची, आणि थांबायचं नानांनी! "न्हाई, न्हाई," ती फोनमध्ये म्हणाली, "मी हाय ना. सांगते मी. तुमी रडू नगा आधी." रडू नका म्हटल्यावर नानांनी भिंत सोडली. बसले खाली डब्यांच्या मधे. "गेली का?" म्हणाले, इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं. शेजारपण गेलं खड्ड्यात, मला त्या क्षणी बायडाबाईचाही राग आला, फोनचाही आला, त्या टेलिफोनच्या तारा पहिल्यांदा ज्यानं ओढल्या त्याचाही आला.

बायडाबाईनं फोन छातीशी धरला, खाली बघितलं, आणि म्हणाली, "उठा. नात झाली. आपरेशन केलं, बाळ-बाळंतीन दोगी चांगल्या हायेत. तुमची लेक सुद्दीवर आली अन् पैला च्या मागितला."

नाना रडले. आमच्या गल्लीत असं रडताना कुणी त्यांना बघितलेलं नव्हतं. पिठाच्या तोंडावरून पाणी चाललंय आणि मिशीत लगदा होतोय, आणि ते म्हणतायत, "च्या मागितला व्हय? लहानपनापास्नं च्या लई लागतो तिला." रांगेतली एक बाई म्हणाली, "पैली बेटी, धनाची पेटी," दुसरीनं डोळ्याला पदर लावला, आणि जिचं दळण गिरणीत अडकलं होतं ती म्हणाली, "असू द्या, सावकाश." बायडाबाई आत गेली, गुळाचा खडा घेऊन आली, नानांच्या हातावर ठेवला.

"मोनिकाचा फोन तुमी ठिवून देत हुतात," ती म्हणाली. "मला बी वाटलं हुतं ठिवून द्यावा. लई वाटलं हुतं. पन तुमच्या बायकोचा आवाज ऐकला अन् न्हाई झालं माज्यानं."

नाना खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माजं." एवढंच. पण गोरक्षनानांच्या तोंडून एवढं यायला काय काय व्हावं लागलं, बघितलंत ना तुम्ही.

फोन अजून चालूच होता. बायडाबाईनं तो परत कानाला लावला, आणि नानांना वाटलं आता आपल्याला देईल, हात पुढं केला, तर कसलं काय! "अवो भागिरथीबाई, टाक्याला जपा बरं का… न्हाई, डिंक आत्ताच नगा देऊ… शेपा, बाळंतशेपा द्या… व्हय, मोनिकाच्या येळंला…" पोटाला पट्टा बांधायचा की नाही, धुरी कधी द्यायची, सगळं काढलं. नाना गूळ हातात धरून समोर उभे, लहान पोरगं दुकानात उभं राहतं तसे. आता बाईला थांबा म्हणायची सोय नाही. गिरणी बंद आहे ती तिच्या मर्जीनं!

शेवटी कधी तरी फोन नानांच्या कानाला लागला. आणि आवाज… काय सांगू तुम्हाला… असा स्वच्छ, असा जवळ, की भागिरथीबाई पुण्याहून नाही, शेजारच्या ज्वारीच्या डब्यातून बोलतायत. "अहो, नाक तुमच्यावर गेलंय, बाकी देवाची किरपा हाय." नाना हसले. रडत हसले. माधुरी कशीय, दुखतंय का, जावई जेवले का, सगळं विचारून झालं. आणि मग भागिरथीबाई माहेरच्या कौतुकानं म्हणाल्या, "अन् आमच्या चेतनचा फोन कसाय वो? किती सपष्ट येतंय बगा."

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर बायकोचं माहेर, खोटं सांगावं तर पुढ्यात अख्खी गल्ली कान टवकारून. नानांनी मिशीतलं पीठ पुसलं. रस्त्यापलीकडं आपल्या घराकडं बघितलं, खिडकी बघितली, त्यातला तो डबा बघितला, मागचा पत्रा बघितला. मग ओटा बघितला, त्यावर नवीन डबा ओतायला हात वर करून थांबलेली बायडाबाई बघितली, आणि एक मोठा उसासा टाकून म्हणाले,

"फोन एक नंबर हाय. त्यात काय बी खोट न्हाई. आपलं घरच तेवढं रस्त्याच्या चुकीच्या बाजूला बांदलं गेलं."